मधल्या मजल्यावरची खोली

पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी काही लागत नव्हती. अनिताच्या शेजारी एक बाई आणि तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा त्याच गाडीसाठी येऊन बसले. अनितानं तोंड फिरवलं, पण कान थोडेच फिरतात!

"आई, रोह्याजवळची ती अष्टमी गावातली खोली आवडली ना?"

"बरी हाय. पण मधल्या मजल्यावर हाय रे."

"पेणात कॉलेजजवळ परवडत नाय. बाबांच्या विम्याच्या पैशात हीच बसते."

"मग पितरपखात बाबांचं पान कुठं ठेवायचं? आता काकाच्या घरी कौलांवर ठेवतो, तिथं कावळा येतो."

"खिडकीत ठेवू."

"जाळी हाय खिडकीला."

"मग गच्चीवर."

"कुलूप हाय. मी वर जाऊन बघून आले."

"तू खोली बघायला आलेलीस का गच्ची?"

"खोली तू बघितलीस ना."

"आई, काका दिवाळीपर्यंतच राहा म्हणालाय. माझं शेवटचं वर्ष हाय. पानासाठी खोली सोडू काय?"

"सोडू नको. मी कुठं सोड म्हणते?"

"मग डोळे कशाला पुसतेस?"

"पैसे त्यांचे, घर त्यांचं, नि त्यांनाच वाढायला जागा नाय."

पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

"तेवढं काकाला विचार रे. वर्साला एक दिवस पान ठेवायला येऊ दे म्हणावं."

"कालच विचारलं."

"मग? काय म्हणाला?"

"आई, गाडी लागली बघ. चल, जागा धरूया."

समोर लागली होती ती अलिबागची गाडी.