आप्पांच्या झोपेची कॅसेट

झोप टेप करायची असती, हे आम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं बघा. आमचे वडील, आप्पा, फार घोरायचे. "घोरणं ऐकवा," डॉक्टर म्हणाले. आईनं उशाशी टेपरेकॉर्डर ठेवला. पण घर कबनूरचं, भिंतीपलीकडं आमचेच यंत्रमाग. कॅसेटभर नुसती खडखड. मग माग बंद ठेवले, तर आप्पा टक्क जागे. म्हणाले, "आवाज न्हाय, तर झोप कशी लागंल?"

पुढं माग मोडीत घातले. घालायला नको होते. आप्पांची झोपच गेली.

शेवटी आईनं ती कॅसेट लावली, तसे आप्पा घोरायला लागले. पण एक बाजू संपली की दचकून विचारायचे, "माग का बंद पडलं गं?"

आई कॅसेट उलटायची. म्हणायची, "लाईट गेलती. झोपा."