टिकल्यांची मासळी

ठाणे स्टेशनला बाळकुमच्या बसची लाइन होती. माझ्या पुढे एक शिवणवाली आणि तिची गिऱ्हाईक, एक कोळीण, उभ्या होत्या. शिवणवालीने कोळणीच्या पिशवीतून कापड ओढून काढलं.

"शेवंतीबाई, हे काय आणलंत?"

"तुमीच सांगलेलं ना ताई, टिकल्या काढून आना."

"कडेच्या! जिथून शिलाई जाणार, तिथल्या दोन बोटं! टिकलीवर सुई पडली की तुटते. चार सुया तुटल्या माझ्या, म्हणून तर कापड तुमच्या हातात दिलं. खडूची रेघसुद्धा मारून दिलेली!"

"रेघ दिसली मना."

"मग?"

"शेपटीकरना सुरू केलं. हात थांबलाच नाय."

"अहो, पोरगी गॅदरिंगला मासळी झालेय ना? टिकल्या म्हणजे तिची खवलं! तुम्ही रावस साफ करावा तशी साफ केलीत तिला!"

"वीस वर्सं तेच करतंय, ताई."

"बरं, काढलेल्या टिकल्या कुठायत? सुईदोऱ्याने परत लावते."

"खाडीन टाकल्या."

"खाडीत?"

"खवलां कोन घरान ठेवतंय?"

"देवा! आणि नाच कधी आहे?"

"उद्या दुपारी."

"राहू द्या ते माझ्याकडे. आहे तसंच शिवते. आणि शाळेतल्या बाईंना आत्ताच सांगून ठेवा."

"काय सांगू?"

"म्हणावं, आमची मासळी सुरुवातीला पोहत येणार नाही. शेवटी येईल. बाजारातून, साफ होऊन."