आईनं तपासलेला ड्रायव्हर

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हंजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या त्या फुकटच्या प्रणालीच्या गाभ्यात, आपलं नाव हाये म्हणून मी लय मिरवतो ना, तर त्याचं खरं आज ऐकाच.

भद्रावतीले आमच्या घरी फोन आन् नेटचं मोडेम एकाच लाइनवर होते. आईनं मावशीले लावाले म्हणून फोन उचलला का नेट तुटे, आन् कॉम्प्युटर असा गोठे का बंद करूनच उठा लागे. आईशी भांडून थकलो, मंग मोडेमच्या ड्रायव्हरमधली, म्हंजे मोडेम चालवणाऱ्या प्रोग्राममधली, चूकच शोधली आन् दुरुस्ती लिनक्सवाल्यायले पाठवली.

तिकडच्या साहेबानं विचारलं, "तुझ्याशिवाय आणखी कोणी तपासलं?"

मी लिहिलं, "आईनं. रोज जेवणाच्या टायमाले तपासते."

दुरुस्ती मंजूर झाली आन् माह्या नावाखाली तपासणारी म्हणून आईचंही नाव लागलं. मी छाती फुगवून सांगाले गेलो, "आई, तुह्यं नाव जगभर गेलं! आता तू कितीही फोन उचल, कॉम्प्युटर बंद पडत नाई."

आईनं कपाळावर हात मारला. "तरीच! आठ दिवसांपासून फोन उचलून उचलून हात दुखला, तरी हा जेवाले उठत काऊन नाई!"