आबांची नागीण

भोकरदनच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत नंदाबाईचे कान मागच्या बाकाकडे लागले होते. तिथं बिभीषणआबा अन् त्यांची कॉलेजात शिकणारी नात रेणुका बोलत होती.

"आबा, कंबरेवरच्या नागिणीला गेरू कशाला फासला?"

"तोंड-शेपूट भिडलं की माणूस गेला म्हणतेत. पण ही आली कुठून?"

"लहानपणच्या कांजण्यांतून. ते विषाणू तवापासून तुमच्या नसांत झोपल्ते."

"साठ वर्षं? मंग आताच कुणी उठवलं?"

"त्यांच्या जनुकांच्या धाग्यावर काही तुकडे असतात. ते स्वतः काही सांगत न्हाईत, पण लांबून जनुकाचं वाचन, म्हंजे त्याचं काम, वाढवतात. ते गप, तोवर विषाणू गप. अंगातली रोगाशी लढायची ताकद घटली की हे तुकडे जागे होतात, अन् विषाणूबी."

"म्हंजे कीर्तनातला मृदंगी! अभंगाचा एक शब्द म्हणत न्हाई, पण त्यानं थाप दिली की बुवांचा आवाज चढतो."

"बराबर, आबा."

"धन्य रे पांडुरंगा! डोळ्याला दिसत न्हाई त्याच्या पोटातबी मृदंगी बसवलास!"

"पण आबा, उद्या बारशाला बाळाला घेऊ नका. फोडांच्या खपल्या होईपर्यंत जवळबी जाऊ नका. त्याला कांजण्या होतील."

"माझ्या पणतूला?"

नंदाबाईचा नंबर पुकारला, तरी ती उठेना.

"रेणुका, ओसरीवर बसून पाळणा म्हणलो, तर आवाज पोचंल ना त्याच्यापर्यंत?"