परवलीचा शब्द बाद झाला!

...आणि वर गावातला दुकानदार मलाच म्हणतो, ‘टॅकेट, तू शुद्ध दगड आहेस!’ दगड कसला? अहो, द्वारपाल होतो मी, आमच्या शेतकरी संघाचा द्वारपाल! शनिवारी दुपारी शाळेत सभा, दाराशी मी, आणि परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय सख्खा भाऊ आला असता तरी आत सोडला नसता. का? तर बँकवाल्यांचे हेर शिरतील! आता चाळीस मैलांत बँक नाही, हेर कुठून उगवणार... पण नियम म्हणजे नियम!

तुम्हाला सांगतो, काय त्या सभा! चाळीस-चाळीस माणसं! आमचे अध्यक्ष प्लमली टेबलावर मूठ आपटून ओरडायचे, ‘बँकवाल्यांना नाणं फक्त सोन्याचं हवं, म्हणजे आपलं कर्ज फिटायला नको! चांदीची नाणी पाडा! हवी तेवढी पाडा! सोळा भार चांदीला एक भार सोनं, हाच न्याय!’ खरं विचाराल तर चांदीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली, अख्ख्या कॅन्ससमध्ये बोलायला एक खेचर, तेही पाठ फिरवून उभं राहतं... चांदीच्या निमित्तानं माणसाचा आवाज कानावर पडायचा हो!

मग नोव्हेंबरात निवडणुकीत आमचा चांदीवाला उमेदवार सपशेल आपटला आणि सभा ओस! प्लमलींनी तर तोंडच लपवलं. मी आपला दर शनिवारी जातोय, शेगडी पेटवतोय, आतून कडी लावून एकटाच बसतोय...

आणि एका शनिवारी टकटक! शेजारच्या, म्हणजे चार मैलांवरच्या, विधवा बेंगट्सनबाई, त्याही संघातल्याच! काकवीच्या केकचा वास फटीतून आत!

‘अहो टॅकेट, उघडा की! गारठले मी!’

‘परवलीचा शब्द?’

‘नांगर.’

‘तो बाद झाला. शब्द दर तीन महिन्यांनी बदलतो.’

‘अगंबाई! मग नवा कोणता?’

आता नवा मला तरी कुठे ठाऊक! तो संघाच्या वरच्या कचेरीतून लखोट्यात यायचा, आणि कचेरीलाच टाळं! पण कबूल कसं करणार? मी म्हटलं, ‘गुप्त आहे!’

 बाहेरून ती हळूच म्हणाली, ‘मला चांदीशी काय देणंघेणं हो... घरी घड्याळाशी बोलून बोलून कंटाळले, म्हणून येत होते.’ आणि गेली! केकसकट! मी आत, कडीवर हात ठेवून उभा. काढली का कडी? नाही! नियम म्हणजे नियम! इतकं एकटं मला बायको गेली तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी चार मैल तुडवत गेलो तिच्या दारात. टकटक केली. आतून काय यावं? ‘परवलीचा शब्द?’

तेव्हापासून दर शनिवारी जातोय. नांगर झाला, गहू झाला, चांदी झाली, खेचराचं नावसुद्धा सांगून पाहिलं... ‘बाद!’ शेवटी परवा, पक्का चांदीवाला मी, इकडेतिकडे बघितलं, प्लमली नाही ना कुठे, आणि हळूच म्हटलं, ‘सोनं?’

हसली हो आत! खळखळून हसली! सहा वर्षांत माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं! म्हटलं, आता निघणार कडी...

‘तो तर साफच बाद!’

निघालो परत, चार मैल. काय करता? नियम म्हणजे नियम... आणि तिला तो शिकवला कुणी? मीच!