भावानं दिलेली पूड

माझं नाव हौसाबाई. माहेर गारगोटीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला वाडी हाय आमची, आन सासर हितं उचगावला. आई लवकर गेली, तवा धाकटा भाऊ रांगत होता, त्याला मीच वाढवला. शाळा माझी तिथंच सुटली. त्याला कडंवर घेऊन चुलीम्होरं बसायचं, त्याला भरवायचं, त्याला न्हाऊ घालायचं, मग उरलं तर आपण खायाचं. त्याचं नाव बाळू. आता लोक बाळासाहेब म्हणत्यात, कोट घालतोय. पण मी बाळूच म्हणणार, माझ्या तोंडाला दुसरं येत न्हाय.

लगीन होऊन आले तवा मालक फौंड्रीत होतं, मोल्डिंगला. म्हंजे काळ्या मातीचा साचा करायचा आन त्यात लोखंडाचा रस वतायचा. काय सांगू तुम्हाला पावणं, घरी आलं की नुसतं दात दिसायचं, न्हाणीतनं पाणी काळं व्हायाचं, आन खोकला तर घरातलाच झालता. पण माणूस सरळ. बाळूला कालेजात घातला त्यो ह्यांनीच, आमच्याकडंच ऱ्हायाला होता, एका ताटात जेवायची दोघं. दाजी दाजी करत ह्यांच्या मागं फिरायचा.

मग मालकांना बीपी निघालं. कारखान्यातच चक्कर येऊन खाली बसलं. दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या, त्या म्हणाल्या किडनीवर जरा ताण हाय पण घाबरायचं न्हाय, मीठ कमी करा आन ही गोळी रोज, जल्मभर, बरं वाटलं म्हणून सोडायची न्हाय. आन खरं सांगते, गोळीवर माणूस चांगला होता. कामाला जात होता, सांजचं कट्ट्यावर बसत होता, काय तक्रार न्हवती.

तवर बाळूची नोकरी सुटलेली आन त्यो असल्या पुड्या विकायच्या धंद्यात शिरलेला. एक दिवस डबा घेऊन आला, आत करड्या रंगाची पूड. म्हणला, अक्का, ह्यो ज्वालामुखीचा दगड हाय, झिओलाइट म्हणत्यात, ह्याला बारीक बारीक भोकं असत्यात, दाजींच्या अंगात इतक्या वर्साचं लोखंड आन शिसं साठलंय ते ह्यो ओढून घेतोय आन बाहेर टाकतोय. मी म्हणलं, अरं, मी ज्या कोंबड्यांच्या शेडवर कामाला जाते तिथं घाण वास मरावा म्हणून असलीच पूड खाली पसरत्यात की. तर हसला. म्हणला, मग बघ की, जनावराला चालती ती माणसाला बाधंल व्हय? मी म्हणलं, डॉक्टरबाईंना इचारू या आधी. तर तोंड पाडलं त्यानं. डॉक्टर कशाला हो म्हणंल, म्हणला, त्यांच्या गोळ्या खपायच्या बंद हुतील. मालक म्हणालं, घरचं पोरगं हाय, आपलं वाईट कशाला करंल. झालं. सकाळी अनशापोटी एक चमचा पाण्यात कालवून सुरू.

सुरवातीला मालक म्हणायचं हलकं वाटतंय. आता ते पुडीनं का मेव्हणा आपला इचार करतोय ह्या आनंदानं, ते मला म्हाईत न्हाय. बाळूनं लगेच मोबाईल म्होरं धरला, दाजी, जरा बोला की, आन ह्यांनी भोळेपणानं बोलून टाकलं, मी भट्टीवर राबलेला माणूस, ह्या पुडीनं मला तरतरी आली. मग हळूच म्हणला, दाजी, आता ती गोळीबी सोडा, तीबी केमिकलच, एकीकडनं साफ करायचं आन दुसरीकडनं घाण भरायची, मग गुण कसा येणार. मी भांडले. रोज ताटात गोळी ठेवायची, हे ताटाखाली सरकवायचं. तुला तुझ्या भावाचंच पटंना, मला म्हणायचं.

मग पाय सुजाय लागलं. चप्पल बसंना. बाळूला फोन केला तर म्हणतोय, विष बाहेर पडायलंय अक्का, ही चांगली खूण हाय, चमचा वाढवा. चांगली खूण म्हणं. तोंडबी सुजलं, धाप लागाय लागली, तवा मी कुणाचं ऐकलं न्हाय, शेजारची रिक्षा बोलवली आन घातलं ह्यांना दवाखान्यात.

डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं आन इचारलं, गोळी चालू हाय न्हवं? हे खाली मान घालून बसलं. मी पिशवीतला डबा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी त्यावरचं सगळं वाचलं. मग म्हणाल्या, ह्या पुडीनं किती बिघडवलं ते मला सांगता यायचं न्हाय, ह्यात काय काय हाय ते कुणी तपासलेलंच न्हाय. अंगातलं विष काढती ह्याला काय आधार न्हाय, उलट असली पूड पोटात औषधबी धरून ठेवू शकती. पण गोळी सोडली आन बीपी चढत ऱ्हायलं, त्यानं किडनी गेली, हे नक्की. रागावल्याबी न्हाईत बाई. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डायलिसिस सुरू झालं. बाळू एकदा भेटाय आला, सफरचंदं घेऊन. आन काय म्हणावा? दाजींनी पथ्य पाळलं न्हाय. माझ्या घरात बसून, माझ्या हातचा च्या पिऊन. मी कपबशी त्याच्या म्होरनं उचलली आन म्हणलं, ऊठ.

मग मला कळलं, माझ्याच माहेरच्या वाडीत, देवळाच्या हालमध्ये त्याची मीटिंग हाय. यष्टीनं गेले. बायका खच्चून भरलेल्या, आन पडद्यावर आमचं मालक बोलायलेलं, तरतरी आली म्हणून. मी उठले. म्हणलं, बायांनो, ह्यो माणूस माझा नवरा हाय, आन त्यो आता मशिनीवर जगतोय, ह्या माझ्या भावानं त्याची गोळी सोडवली. बाळू जवळ आला, हळू आवाजात म्हणला, अक्का, घरचं घरी बोलू की. मी म्हणलं, घर कुठलं रं आता?

बाहेर पडले तर एक बाई मागनं पळत आली, माझ्या ओळखीची, वाडीतलीच. मला वाटलं आता हात धरून रडणार. तर म्हणती कशी, हौसाक्का, किडनीचं ऱ्हाऊ द्या, गुडघ्याला तरी ती पूड चालंल न्हवं?

यष्टीत बसले आन आले.

आता बाळू कोल्हापुरात फ्लॅटवर असतोय. मी जात न्हाय, त्यो येत न्हाय. मालकांना इचारा तर अजून म्हणत्यात, पोरगं मनानं वाईट न्हाय. म्हणू देत. त्यांच्याशी भांडायचं आता माझ्यात बळ न्हाय, आन त्यांच्यात ऐकायचं. उठते पावणं, त्यांना दवाखान्यात न्यायची येळ झाली. तुमच्या घरात कुणाला गोळ्या चालू असतील तर त्या चालू ऱ्हाऊ देत, मग भाऊ सांगू दे न्हायतर देव. माणसं धडधाकट ऱ्हाऊ देत तुमची, एवढंच म्हणते.