सोयरीकबाईंचे दोन गोड शब्द

सन्माननीय अध्यक्ष महोदय, नियामक मंडळाचे उपस्थित सदस्य, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे ज्यांना आपण सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणतो ते आपले मावळते संचालक, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, पहिल्या रांगेतले बाकीच्या तीन केंद्रांचे प्रमुख, शेडमधून अंघोळ करून थेट इथे आलेले माझे सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, आणि मागे दाराशी उभं राहून चहाची वाट बघणारे समस्त मित्रहो,

आजच्या वक्त्यांत मी नव्हते. काल सूत्रसंचालक जिन्यात भेटले आणि म्हणाले, “मॅडम, सगळे पुरुषच बोलताहेत, बरं नाही दिसत. तुम्ही दोन गोड शब्द बोला ना.” मी म्हटलं, गोड बोलायची मला सवय नाही. ते म्हणाले, “असू द्या हो, दोनच तर शब्द आहेत.” तेव्हा यापुढे जे काही होईल त्याची अर्धी जबाबदारी त्यांची. ते आता पडद्याआड गेलेत, पण त्यांचे बूट मला इथून दिसताहेत.

घरची मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी आधी माझी ओळख करून देते. संशोधनासाठी माकडं पाळणारी आपली चार केंद्रं आहेत. साहेबांचं सगळ्यात मोठं. मग विद्यापीठातलं, नदीपलीकडचं आणि टेकडीवरचं, ते सगळ्यात लहान. कुठलं माकड कुणाचं, कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाची मावशी, हे चारही ठिकाणचं मी सांभाळते आणि कुठला नर, कुठली मादी कुठल्या कळपात पाठवायची ते सुचवते. नात्यातल्या नात्यात पिल्लं होऊ नयेत, एवढंच माझं काम. साहेबांनी मला नाव ठेवलंय ‘सोयरीकबाई’. भर बैठकीत म्हणायचे, “आल्या का सोयरीकबाई? आज कुणाचं स्थळ आणलंय?” आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. माझ्या आईला हे काम समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “घरात दोन पोरी लग्नाच्या बसल्यात आणि ही माकडांची जुळवत फिरते!” आईचं मी मनावर घेतलं नाही. साहेबांचं घेतलं, हे आज सांगून टाकते.

रानात हे काम कुणाला करावं लागत नाही. नर वयात आला की कळप सोडतो, दुसरीकडे जातो, मार खातो, हळूहळू जागा मिळवतो. आपण त्यांना कोंडलंय. दाराची कडी आपल्या हातात आहे, म्हणून त्यांना घराबाहेर काढायचं कामही आपल्याच गळ्यात पडतं. कोंडायचं तर कोंडलं, आणि वर बापाची आणि लेकीची पिल्लं होऊ द्यायची, याला काय म्हणावं? आणि ज्या औषधासाठी हा सगळा खटाटोप, ते एकाच खानदानावर तपासून आपण जगाला सांगणार की सगळ्यांना चालतं?

आता माझ्या पाठीमागच्या फलकाकडे बघा. डावीकडे साहेब. उजवीकडे जाळीआड छाती काढून बसलेला तो राजबिंडा. हे नाव शेडमधल्या पोरींनी ठेवलं, आणि नाव ठेवावं असाच तो आहे. कुणी पाहुणा आला की त्याला आधी राजबिंडा दाखवायचा, फोटो काढायचा, मग चहा. वहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या, “अहो, हे घरी आले की पोरांचं नंतर विचारतात, आधी त्या माकडाचं सांगतात.” वहिनी, तुम्ही हसत म्हणाला होतात. तुमच्यावर माझा राग नाही.

राजबिंड्याच्या मुली वयात आल्या तेव्हा मी साहेबांना पहिल्यांदा सांगितलं की त्याला हलवा.

“बाई, तुमचं काय जातंय बोलायला? नवा नर आत सोडला की फाडाफाडी होते. कान तुटतात, बोटं तुटतात. टाके घालायला तुम्ही येणार?”

हे खोटं नव्हतं. नवा नर आला की कळप बिथरतो, जखमा होतात, काही महिने पिल्लं होत नाहीत. आणि पिल्लांचा आकडा खाली आला की वरून विचारणा होते, साहेबांच्या केंद्राचा पहिला नंबर जातो. मला हे सगळं कळत होतं. मी म्हटलं, आपण बेतानं करू, आधी शेजारच्या पिंजऱ्यात ठेवू, एकमेकांना बघू दे, वास घेऊ दे. साहेब म्हणाले, “बघू.” ज्यांनी साहेबांच्या हाताखाली काम केलंय त्यांना या ‘बघू’चा अर्थ मी सांगायला नको.

पण पुढे एकदा चमत्कार झाला. साहेब तयार झाले! बाकीच्या तीन केंद्रांनी आपापले उमदे, तरुण नर दिले. साहेबांनी त्या बदल्यात तीन पाठवले, राजबिंड्याच्याही आधीचे म्हातारे, एकाच्या तोंडात दात नव्हते, पण जाऊ द्या. साहेबांनी कळवलं की नवे तिघं कळपात छान रमलेत. मी वंशावळीच्या मांडणीत तसं धरलं. पुढची पिल्लं नव्या नरांची, असं समजून मी चारही केंद्रांची गणितं केली. त्या सहकार्याबद्दल साहेबांना ढालसुद्धा मिळाली. आज मघाशी तिचा उल्लेख झाला, टाळ्या पडल्या.

मग पिल्लं मरायला लागली. जन्मायची ती मुठीएवढी, आईला धरायची पण दूध ओढायची नाहीत. आपल्या डॉक्टरीणबाई ती पिल्लं उबेच्या पिशवीशी टॉवेलात गुंडाळून, सिरिंजनं थेंब थेंब दूध घालत बसायच्या. एका सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तर त्या नुसत्या बसल्या होत्या. पिल्लू गेलं होतं, आणि त्याच्या बोटांनी त्यांच्या कोटाची बाही घट्ट धरून ठेवली होती. माकडाचं पिल्लू जन्मल्यापासून धरून ठेवायलाच शिकलेलं असतं. ती बोटं आम्ही दोघींनी एकेक करून सोडवली. तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, हे आजाराचं लक्षण नाही. हे रक्तातलं आहे. बाप कोण ते तपासायला नमुने पाठवू?” मी म्हटलं, पाठवा.

उत्तर आलं. मेलेली पिल्लं राजबिंड्याची होती. जगलेलीही राजबिंड्याची होती. त्यांच्या आयाही राजबिंड्याच्याच मुली होत्या. मग ते तीन उमदे नर होते कुठे? मागच्या शेडमध्ये, एकेकट्या पिंजऱ्यांत. आल्या दिवसापासून. त्यांना कळप दिसलाच नव्हता. एकानं तर स्वतःच्या दंडावरचे सगळे केस उपटून काढले होते.

मी साहेबांच्या खोलीत गेले. हे असं कसं, म्हणून विचारलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि काय म्हणाले ते मी आजन्म विसरणार नाही.

“बाई, या केंद्रात कोण कुणाचा बाप ते मी ठरवतो.”

हसलात? मीही हसले असते. पण पुढच्या आठवड्यात पिल्लांच्या मृत्यूचं खापर डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर फुटलं. ‘निष्काळजीपणा’ असा शब्द वापरला गेला. जी बाई मेलेल्या पिल्लाची बोटं सोडवताना रडली, तिला निष्काळजी ठरवून घरी पाठवलं. आज त्या बस डेपोमागच्या एका गाळ्यात कुत्र्यांना लशी टोचतात. मी त्यांच्या बाजूनं बोलले तर साहेबांनी पसरवलं की आम्ही दोघी मावसबहिणी आहोत. आम्ही मावसबहिणी नाही. नाती कुणाची काय आहेत, हे निदान मला तरी विचारायचं होतंत, साहेब. माझा धंदाच तो आहे.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत. हे सगळं आपल्याला नवीन नाही, म्हणून कंटाळा आला असेल. मी आपल्याकडे आले होते. आपण मला पाणी दिलंत, नीट ऐकून घेतलंत, आणि म्हणालात, “खरंय तुमचं. पण ते आता निवृत्तच होताहेत. कशाला शेवटी शेवटी? जाऊ द्या.” मी जाऊ दिलं. आणि मघाशी माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्साहाच्या भरात गोड बातमी फोडली. चहानंतर मंडळाची बैठक आहे, आणि साहेब तहहयात प्रमुख सल्लागार होणार आहेत. एका केंद्राचे नव्हे, चारही केंद्रांचे! म्हणजे इकडून निरोप आणि तिकडून पाटावर. आणि त्यांचा पहिला सल्लाही तयार आहे. टेकडीवरचं केंद्र बंद करायचं, खर्च वाचवायचा, तिथली सगळी माकडं साहेबांच्या मोकळ्या शेडमध्ये आणायची.

त्या टेकडीवर काय आहे ते ऐका. आपल्या चार केंद्रांत राजबिंड्याच्या रक्ताचा थेंबही नसलेला एकच कळप उरलाय, तो तिथे आहे. बाकी दोन्हीकडे राजबिंड्याच्या लेकी आणि नाती आधीच पोचल्यात, मीच पाठवल्या, साहेबांनी सांगितलेल्या बापांवर विश्वास ठेवून. टेकडीवरचा कळप इथे आणून मिसळला तर तो पुन्हा वेगळा करता येणार नाही. मी नाही, कुणीच नाही करू शकणार.

साहेब, तुम्ही अजून हसताय. मला तुमचा राग आहे. सत्कारात असं बोलत नाहीत, मला माहीत आहे. तुम्ही कष्ट केलेत, हेही मी नाकारत नाही, ओसाड जागेवर तुम्ही हे केंद्र उभं केलंत. पण तुम्हाला एक माकड आवडलं, आणि त्या आवडीपायी तुम्ही बाकी सगळ्यांना वाऱ्यावर सोडलंत. मला तुमच्या खोलीतली ती चष्मा पुसायची तऱ्हा आठवली की आजही अंगाचा तिळपापड होतो.

घंटी ऐकली, अध्यक्ष महोदय. एकच विनंती करते आणि थांबते.

पहिल्या रांगेत तीन केंद्रांचे प्रमुख बसलेत. त्यांतल्या दोघांशी माझं फोनवर बोलणं झालंय. दोघंही म्हणाले, “बाई, तुम्ही बोला, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.” मी बोलले. आता ज्यांना साहेबांच्या सल्ल्यानं आपलं एकही जनावर हलवायचं नाही, त्यांनी कृपा करून उभं राहावं. काही बोलायला नको. नुसतं उभं राहायचं.

विद्यापीठातल्या मॅडम?

बरं. पर्समध्ये काही हरवलं असेल, सापडू दे.

नदीपलीकडचे सर? … नाही. ठीक आहे. पाठीशी आहोत म्हणाला होतात, ते बसूनही राहता येतं, माझ्या लक्षात आलं नाही.

टेकडीवरच्या सरांना मी फोन केला नव्हता. आम्ही सगळे यांना ‘खडूस’ म्हणतो, सर, आज तोंडावर सांगते. यांनी मला कधी सरळ उत्तर दिलेलं नाही. एक नर मागितला तर सतरा प्रश्न विचारतात. तो कुठे राहणार, शेजारी कोण, खायला काय, दाराला कडी कुठल्या बाजूनं. त्यामुळे यांना विचारण्यात अर्थ नाही असं मी धरून…

अहो सर, तुम्ही उभे आहात?

जरा थांबा, टाळ्या नकोत. सर काहीतरी म्हणताहेत, त्यांना माइक नाही. काय म्हणालात? … हो. हो, सांगते. सर म्हणताहेत, “ती डॉक्टरीण सन्मानानं परत कामावर येत नाही आणि हे गृहस्थ घरी जात नाहीत, तोवर टेकडीवरून एकही जनावर खाली उतरणार नाही. ट्रक पाठवलात तर रिकामा परत येईल.” बरोबर सांगितलं ना, सर? मान हलवली. यांचं पहिलं सरळ उत्तर.

आमच्या शास्त्रात एक दिलासा आहे. कळप नात्यानं कितीही घट्ट झाला, तरी दर पिढीला बाहेरचा एक जरी आत आला, तरी तो तग धरतो. मी दोघांची आशा केली होती. एक आला. अध्यक्ष महोदय, टेकडीच ऐकणार नसेल तर चारही केंद्रांचा सल्लागार कुणाला सल्ला देणार, एवढं बैठकीत बघा. साहेबांच्या भाषेतलं ‘बघू’ नको.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांना बोलू दिल्याचा पश्चात्ताप होत असला तरी त्यांचे आभार. वहिनी, तुमचा दिवस मी बिघडवला, त्याची माफी मागते, आणि ती मनापासून मागते. माझ्या बोलण्यात एखाद्याचा मान राखायचा राहून गेला असेल तर तेवढं पोटात घाला. साहेबांचा मात्र राहून गेलेला नाही, तो मी ठरवून राखला नाही.

आणि डॉक्टर, तुम्ही मागे खांबाआड उभ्या आहात, मला मघापासून दिसताय. मीच बोलावलं होतं तुम्हाला. पुढे या. सर काही खाली बसायला तयार नाहीत, आणि आपली खुर्ची पुसून ते तुमच्याकडेच बघताहेत.